हुज्जत घालणारा भाऊ

लातूरच्या आपल्या डाळ गिरणीत महादेवप्पा तुरीचा दाणा दाताखाली धरायचे आणि म्हणायचे, "वाळलीय." लगेच सगळी गिरणी म्हणायची, "हाव मालक, वाळलीय." गेली सहा वर्षं हेच चाललं होतं.

त्याआधी असं नव्हतं. वाळलेला दाणा दाताखाली कटकन फुटतो, ओला चेपतो. पण दात कुणाचे खरे मानायचे? म्हणून वडिलांनी रीत घालून दिली होती. प्रत्येक गाडीतला दाणा दोन्ही भावांनी चावायचा, आणि दोघांचं जमेपर्यंत एक पोतं उतरवायचं नाही. धाकटा वीरण्णा तर जन्माचा उलट्या डोक्याचा. मोठ्याने वाळली म्हटलं की हा ओली म्हणणार, तळहातावर दाणे घेऊन तासभर हुज्जत घालणार. चहा गार व्हायचा, पण वाईट माल आत यायचा नाही. एकदा चार अडत्यांसमोर महादेवप्पांचं डोकं फिरलं. "या गिरणीत एकच तोंड चालंल, माझं!" दुसऱ्या दिवशी वीरण्णा बायकोला घेऊन नांदेडला मुलाकडे निघून गेला, तो गेलाच.

यंदा गोदामातल्या तुरीला बुरशी लागली. महादेवप्पांनीच वाळली म्हणून घेतलेली. मुनीम दयानंद मान खाली घालून म्हणाला, "मला तवाच ओली वाटली होती, मालक."

"मग बोलला का न्हाईस?"

दयानंद बुरशी लागलेली पोती मोजायला लागला.

घरीही तीच तऱ्हा. एके दिवशी आमटी पार अळणी झाली होती. महादेवप्पा मुद्दाम म्हणाले, "आज मीठ झकास पडलंय." मुलगा हाव म्हणाला, सून हाव म्हणाली, आणि बायकोने, महानंदाने, मुकाट आणखी एक पळी वाढली. भरल्या घरात त्यांना अगदी एकटं वाटलं.

सकाळी खिशात मूठभर ओली तूर टाकून त्यांनी नांदेडची बस धरली. वीरण्णा भांडेल, वाट्टेल ते बोलेल, बोलू दे. मग हाताला धरून त्याला परत आणायचं.

वीरण्णाने हसून दार उघडलं, पाणी दिलं, पाया पडला. महादेवप्पांनी दाणे पुढे केले. "बघ बरं. वाळलेली हाय."

वीरण्णाने दाणा चावला. तो चेपला, हे त्याच्या तोंडावर साफ दिसलं.

"हाव आप्पा," तो म्हणाला. "वाळलीय."

"ओली हाय ती! तिकडं समदे हाव हाव करून राहिलेत. तू तरी भांड की माझ्याशी, वीरू. त्यासाठीच आलो. चल घरी."

"आता कशाला भांडायचं?" वीरण्णा अगदी शांतपणे म्हणाला. "गिरणी तुझी हाय."

जेवण झाल्यावर वीरण्णा महादेवप्पांची पिशवी घेऊन बसस्टँडपर्यंत आला. आत चढून खिडकीजवळची जागा धरून दिली. स्टँडवर येताना वाटेत महादेवप्पा जे जे बोलले, त्यातल्या एकाही गोष्टीला तो नाही म्हणाला नाही.