चष्म्याच्या दुकानातली किडेखाऊ झाडं

इमारतीला रंग द्यायचं ठरलं आणि वहिनींच्या बाल्कनीवर वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी आली. रंगारी म्हणाले, दोन महिने तरी राहील. वहिनींनी एकदा जाळीकडे बघितलं, एकदा आपल्या चाळीस कुंड्यांकडे, आणि पर्स उचलून सरळ नणंदेचं दुकान गाठलं.

नणंदेचं चष्म्याचं दुकान चौकाच्या कोपऱ्यावर होतं. त्याला दोन दर्शनी काचा. रस्त्याकडची फ्रेमांनी भरलेली. गल्लीकडच्या काचेआडच्या ओट्यावर मात्र कित्येक वर्षं प्लॅस्टरचं एक डोकं चष्मा लावून बसलेलं, आणि त्याच्या नाकाचा टवका उडालेला. या काचेतून सकाळी साडेसातपासून दुपारी एकपर्यंत थेट ऊन येतं हे वहिनींना ठाऊक होतं. त्या कुणाकडेही गेल्या की आधी ऊन बघून घेत, मग माणसं.

"वन्सं, मला तुमचा हा ओटा हवाय. दोन महिने."

नणंद वयाने धाकटी. पण लग्नात वहिनींना 'वन्सं' म्हणायला शिकवलं होतं, ते तसंच राहिलं. आता त्यात मानापेक्षा चिडवणंच जास्त होतं.

"कशाला?"

"झाडांना."

नणंदेने हातातली फ्रेम खाली ठेवली. "तुझी ती माश्या खाणारी झाडं? वहिनी, चष्म्याच्या दुकानात माश्यांचा बंदोबस्त बघून लोक काय म्हणतील? या बाईच्या दुकानात माश्या फार, असंच ना?"

"म्हणू देत. बघायला आत तर येतील."

नणंदेने ओटा मोकळा केला. डोकं आतल्या खोलीत गेलं.

वहिनींनी तीस वर्षं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काढली होती. त्यामुळे ओटा मांडतानाही त्यांचं काम प्रयोगशाळेतल्यासारखंच चाललं. मागे उंच, पुढे बुटकी अशा काचेच्या तीन फळ्या, पुढच्या कडेला स्टीलची पट्टी. प्रत्येक फळीवर पसरट पांढरे ट्रे. मागे घटपर्णी, झाकणवाल्या सुरयांसारख्या लोंबत्या. मधे ड्रॉसेरा, पानापानावर चिकट थेंब, उन्हात चमचमणारे. पुढे व्हीनस फ्लायट्रॅप. तिला घरात सगळे 'जबडी' म्हणत, कारण तिची पानं म्हणजे दातेरी जबडेच होते. वहिनींचे यजमान रिक्षाच्या तीन फेऱ्यांत कुंड्या घेऊन आले, प्रत्येक कुंडी पोटाशी धरून. नणंद म्हणाली, "दादा, माझ्या लग्नातसुद्धा तू एवढा जपून चालला नव्हतास."

"तू चावत नव्हतीस," दादा म्हणाले आणि लगेच म्हणाले, "म्हणजे, तेव्हा."

पाण्यावरून मात्र वहिनींनी सक्त ताकीद दिली. "नळाचं पाणी घालायचं नाही. फिल्टरचं नाही. गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, तेच. खत तर बिलकूल नाही. यांना मातीतून खाऊ घातलं की यांचं पोट बिघडतं."

नणंदेला आता गंमत वाटू लागली होती. पाटी तिने स्वतः लिहिली, डोळे तपासायच्या तक्त्यासारखी. वर मोठ्ठ्या अक्षरात 'ही झाडं किडे खातात'. खाली लहान होत जाणाऱ्या ओळी. शेवटून दुसऱ्या ओळीत 'कृपया हात लावू नये', आणि सगळ्यांत खाली, 'इथवर वाचलंत तर तुम्हाला आमची गरज नाही'.

पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकांची रांग चष्म्याच्या बाकावरून उठून ओट्यापाशी गेली. चौथ्या दिवशी वहिनी पाणी घालायला आल्या तेव्हा जबडीचे अकरा सापळे मिटलेले होते आणि तीन काळे पडले होते.

"बोटं घातली लोकांनी," त्या म्हणाल्या. "रिकामा सापळा मिटला की झाडाची ताकद वाया जाते. चार-पाचदा झालं की तो सापळा मेलाच."

"पाटीवर लिहिलंय की."

"वन्सं, ज्यांना ते वाचता येत नाही तेच तुमच्याकडे येतात."

नणंद पाटीकडे बघत राहिली आणि मग खुर्चीत बसून हसली. पाटी बदलू का, असं तिने विचारलं. वहिनी नको म्हणाल्या. माणसाला नाही म्हटलं की त्याचं बोट जास्त शिवशिवतं, त्यापेक्षा हाताला काम द्यावं. त्यांनी नणंदेच्या खणातलं मुठीचं मोठं भिंग काढलं, दोरीने ओट्याला बांधलं आणि दुसरी पाटी लावली, यावेळी सगळी अक्षरं मोठी: 'जबड्याच्या आत बारीक केस आहेत. भिंगातून मोजा.'

त्यानंतर कुणी बोट घातलं नाही. ज्याच्या त्याच्या हातात भिंग. एक डोळा मिटायचा, वाकायचं, मोजायचं. एकेका बाजूला तीन, मिळून सहा. आकडा जमला की लोक नणंदेला सांगायला येत, परीक्षेत पास झाल्यासारखे. ज्यांना जमत नसे त्यांना ती म्हणे, "बसा, डोळे तपासूया."

समोरचे टेलरमास्तर रोज अकराला चहाचा ग्लास घेऊन येत. साठीचे गृहस्थ, गळ्यात टेप, सगळ्या विषयांवर मत. पहिला आठवडा त्यांनी लांबूनच टीका केली. झाडाने झाडासारखं राहावं, असं त्यांचं म्हणणं. नवव्या दिवशी त्यांनी भिंग उचललं, उजवा डोळा मिटला आणि वाकले.

"वहिनी, केस राहू द्या. ही तुमची फळी आधी बघा. मधेच वाकलीय. पाण्याने फुगली वाटतं."

"फळी काचेची आहे, मास्तर. काच फुगत नाही."

"मग पट्टी वाकडी बसवलीय. चाळीस वर्षं सरळ रेघा कापतोय मी. मला सांगू नका."

दुसरं कुणी असतं तर वाद घातला असता. वहिनींना प्रयोगशाळेची सवय. आकडा चुकला की एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. त्यांनी मास्तरांच्या हातून भिंग घेतलं. "आता बघा."

"वाकडीच आहे."

"डोळा तोच ठेवा. त्या दाराची चौकट बघा."

मास्तर वळले. "दारसुद्धा," ते म्हणाले.

"आता हा डोळा मिटा, दुसरा उघडा."

दार सरळ झालं. पट्टीही सरळ झाली. मास्तरांनी पुन्हा डावा डोळा उघडला, पुन्हा उजवा. चहाचा ग्लास त्यांनी जपून खाली ठेवला.

नणंद काउंटरमागून बाहेर आली होती. तिच्या हातात चौकटींचं एक कार्ड होतं, मधोमध ठिपका. तिने मास्तरांना बाकावर बसवलं आणि त्यांचा उजवा डोळा आपल्या तळहाताने झाकला.

"ठिपक्याकडे बघा. रेघा कशा दिसतात?"

"मधे पिळल्यासारख्या. ओलं कापड पिळतात तशा."

"किती दिवसांपासून?"

मास्तर खाली बघत म्हणाले, "दोन महिने रेघांच्या कापडाला शिव्या देतोय मी, ताई. खिशाच्या रेघा जुळत नाहीत म्हणून तीन शर्ट परत आले. मी म्हटलं, हल्लीचं कापडच सरळ विणत नाहीत."

"चष्म्याने हे जायचं नाही," नणंद म्हणाली. एरवी फटकळ बाई, पण आवाज अगदी साधा होता. "हे डोळ्याच्या पडद्याचं आहे. आजच डॉक्टरकडे जायचं. उद्या नाही."

"दुपारी एक गिऱ्हाईक यायचंय..."

"गिऱ्हाइकाला मी सांगते," वहिनी म्हणाल्या. "रिक्षा थांबवलीय."

खरोखरच थांबवली होती. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून वहिनींच्या हातात दिली आणि नणंदेबरोबर निघाले. वहिनींनी दुपारभर दोन्ही दुकानं सांभाळली. शिवण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण आलेल्या तिघांना त्यांनी इतक्या ठामपणे परवाचा वायदा दिला की कुणी कुरकुर केली नाही.

मास्तरांच्या डाव्या डोळ्यात पडद्यामागे पाणी झिरपत होतं. दर महिन्याला डोळ्यात एक इंजेक्शन, असे उपचार सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. इंजेक्शनची भीती मास्तरांनी कुणाला दाखवली नाही, फक्त पहिल्या वेळी नणंदेला विचारलं, "सुई केवढी असते?" ती म्हणाली, "तुमच्या सगळ्यांत बारीक सुईहून बारीक." ते ऐकून त्यांना बरं वाटलं असावं. दुसऱ्या इंजेक्शननंतर रेघा बऱ्याच सरळ झाल्या. रेघांचं कापड तोवर त्यांची सून कापू लागली होती. मास्तर बाजूला उभे राहून तिच्या चुका काढत, आणि त्या खऱ्याच चुका असत.

मधल्या काळात रंगकाम संपलं, जाळी उतरली. वहिनी कुंड्या न्यायला आल्या तेव्हा नणंद ओट्यासमोर आडवी उभी राहिली.

"निम्म्या ठेव."

"वन्सं, माश्यांचं काय? लोक काय म्हणतील?"

"वहिनी, जास्त बोलू नकोस. कुठल्या निम्म्या ते सांग."

वहिनींनी मनात आधीच ठरवलेलं होतं. वाढीला लागलेल्या त्यांनी मागे ठेवल्या, दमलेल्या घरी न्यायला काढल्या. तेवढ्यात मास्तर चहा घेऊन आले. उरलेल्या कुंड्यांतली एक जबडी आपल्या दुकानात मशीनजवळ ठेवावी असा त्यांचा विचार होता.

वहिनी रस्ता ओलांडून त्यांच्या दुकानात जाऊन आल्या. मिनिटभरच लागलं.

"तुमच्याकडे ऊन नाही, मास्तर. मरेल ती."

"दिवा लावतो."

"दिव्याने शिवण होते, झाड होत नाही. इथे येऊन बघत जा."

मास्तरांना ते लागलं. दोन दिवस ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी अकराला आले, भिंग उचललं, डावा डोळा उघडा ठेवून वाकले आणि म्हणाले की मधल्या कुंडीतलं एक पान पिवळं पडलंय, ते कापायला हवं, कात्री आपल्याकडची घ्या, तुमची बोथट आहे.