फोटोखालची ओळ

शिवकन्येची बातमी गौरीशंकरनं दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा त्याचा जळफळाट झाला.

तीन वर्षांपूर्वी ती, तो उपसंपादक असलेल्या धाराशिवच्या बातम्यांच्या वेबसाइटवर, त्याच्याच हाताखाली होती. आता तेरला बसून स्वतःची छोटी वेबसाइट एकटीच चालवत होती. ईटच्या सोयाबीन खरेदी केंद्रावर तिनं दगडोबा नावाच्या शेतकऱ्याचं एकच पोतं दोन यंत्रांवर तपासून घेतलं होतं. ओलावा एकावर अकरा टक्के, दुसऱ्यावर पंधरा; आणि बाराच्या वर गेला की केंद्र माल नाकारतं. अशी बातमी गौरीशंकरला दहा वर्षांत मिळाली नव्हती.

संपादक सत्यभामाबाई म्हणाल्या, "तिची लिंक द्या. आधी फोन करा."

छोट्या साइटची लिंक देण्याआधी तिथल्या माणसाला फोन लावून बातमी तपासायची आणि वहीत खूण करायची, हा बाईंचा नियम.

तिसऱ्यांदा वाचताना गौरीशंकरला फोटोखालची ओळ दिसली : 'डावीकडे केंद्रचालक, उजवीकडे दगडोबा.' डावीकडे तर पोतं धरलेला म्हातारा होता. नावं उलटी पडली होती.

पडू दे तोंडघशी, त्याच्या मनात आलं. वहीत त्यानं खूण केली, फोन केलाच नाही, आणि लिंक दिली.

दुपारी दगडोबांचा फोन आला, तो थेट गौरीशंकरच्या कार्यालयात.

"साहेब, तुमच्या लिंकवरनंच लोकांनी बघितलं. बाजारात पोरं म्हणत्यात, आजा, लोकांचा माल बुडवतूस व्हय? म्या तर तक्रार केली हुती."

स्पीकरवर ऐकत असलेल्या सत्यभामाबाईंनी वही पुढं ओढली. "खूण आहे. फोन केला होता ना?"

उत्तर द्यायच्या आत त्याचा मोबाइल वाजला. शिवकन्या होती.

"सर, चूक माझीच. दुरुस्त केली. बातमी आधी तुमच्या नजरेखालून गेली असती तर चूक तुम्ही लगेच धरली असती. तुमच्यापुढं काही सुटत न्हाय."

तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं वहीतली खूण खोडली आणि खुलासा लिहिला : 'लिंक देण्यापूर्वी ही चूक आमच्या उपसंपादकांना दिसली होती. तरीही त्यांनी ती तशीच जाऊ दिली. दगडोबांची माफी मागतो.'

बाईंनी वाचलं. "उपसंपादक कोण?"

"माझं नाव घाला."

तासाभरानं शिवकन्येचा पुन्हा फोन.

"सर, तुमच्या खुलाशाची लिंक देतेय, म्हणून आधी फोन केला. त्यावर माझ्या दोन ओळी आहेत, वाचून दाखवू?"

"दाखव."

ती सावकाश वाचत गेली. तो कान देऊन ऐकत होता, कुठं चुकतेय का ते शोधत.

ती कुठंच चुकली नाही.