एकाच मशीनवरचे शेजारी

बबनरावांनी आयुष्यात पुष्कळ गोष्टींची उद्घाटनं केली होती, पण त्यांतली एकही गोष्ट उद्घाटनाच्या आधीच बंद पडली नव्हती. तो मान शेतसखा सहकारी जिनिंगच्या टोकन-वेबसाइटने पटकावला.

नेरच्या रस्त्यावरच्या या जिनिंगचे बबनराव अध्यक्ष. दर हंगामात फाटकासमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, आणि ती फक्त लांबून सरळ दिसायची. जवळ गेलं की कळायचं, संचालकांच्या ओळखीची गाडी पुढे आणि ज्याची कुणाशी ओळख नाही त्याची गाडी मुक्कामाला. यंदा बबनरावांनी ठराव करून घेतला की नंबर मोबाइलवर मिळेल; ज्याने आधी बटण दाबलं त्याची गाडी आधी. या निर्णयाने त्यांचे स्वतःचे पाहुणेही नाराज झाले. असं पहिल्यांदाच घडत असल्यामुळे निर्णय बरोबर असावा, अशी शंका त्यांना येऊ लागली होती.

खरेदीचा शुभारंभ सोमवारी सकाळी नऊला ठरला. त्याच दिवशी बबनरावांचा वाढदिवस होता. हा निव्वळ योगायोग आहे, असं संचालकांनी ठरावातही लिहून ठेवलं होतं.

शुक्रवारी नऊला रंगीत तालीम झाली. बोलावलेल्या शेतकऱ्यांनी आपापल्या मोबाइलवर बटण दाबलं आणि पडद्यावर एक गोल चकरी फिरायला लागली. ती इतका वेळ फिरली, की काही जण मोबाइल खिशात घालून चहाला गेले आणि परत आले तरी फिरतच होती. उपाध्यक्ष मारोतरावांनी मन मोठं करून दुःख व्यक्त केलं आणि म्हणाले, सोमवारीही असंच झालं तर वेबसाइट गुंडाळायची आणि नंबर पूर्वीसारखे फाटकावर पुकारायचे. सगळ्या संचालकांनी माना डोलावल्या. डोलावताना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आपापल्या साडूची गाडी होती.

बबनरावांनी लगेच मोबाइल काढला. वेबसाइट हळू चालली की काय करायचं हे त्यांना पाठ होतं: भाच्याकडून मोठा सर्व्हर घ्यायचा. भाचा ऋतिक यवतमाळात सर्व्हर भाड्याने द्यायचा. दोनदा मोठा घेऊन झाला होता. घरातल्या माणसाकडून घेतलं म्हणजे फसवणूक होत नाही, हा बबनरावांचा सिद्धांत. आणि या सिद्धांतापायी त्यांनी कळंबपासून वणीपर्यंत, प्रत्येक लग्नाच्या पंगतीत, ऋतिकला गिऱ्हाइकं जोडून दिली होती.

"थांबा काका," रंजिता म्हणाली. "मोठा नोका घेऊ. पहिले पाहू द्या."

रंजिता जिनिंगची संगणक अभियंता. दारव्ह्याकडच्या तांड्यावरची, शिक्षण अमरावतीला, नोकरी पुण्यात, आणि मग सासर नेरला. आपल्याला काम येतं हे ती लाजत लपवत नसे. ज्याला येत नाही त्याच्यापुढे मिरवतही नसे. संचालक मंडळाला या दुसऱ्या गुणाची अजिबात सवय नव्हती.

तिने काय केलं ते बबनराव तिच्या खुर्चीमागे उभं राहून पाहत होते. पहिला संशय तिने स्वतःवर घेतला. आपला प्रोग्राम चुकला का, आपली माहिती नीट ठेवली नाही का, हे तिने एकेक करून तपासलं. सहकारात उभी हयात घालवलेल्या बबनरावांनी चौकशी स्वतःपासून सुरू झालेली आजवर पाहिली नव्हती. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि बसले.

मग तिने तीच तालीम दुपारी करून पाहिली. टोकन फटाफट निघाले. मागच्या दिवसांच्या नोंदी काढल्या, तर रोजचं रडगाणं सकाळी नऊलाच सुरू झालेलं. तिने पडद्यावरच्या एका आकड्यावर बोट ठेवलं.

"हा आकडा पाहा. आपलं काम तयार होतं, पण मशीननं तेवढा वेळ दुसऱ्याले देल्ला. याले संगणकवाले 'चोरी'च म्हणतात."

"मंग ठाण्यात जाऊ."

"चोर नाही काका, शेजारी हाय. ऋतिकभाऊकडे एक मोठं मशीन हाय. त्याचे हिस्से पाडून तो भाड्यानं देते. ज्याले त्याले वाटते आपलं सोतंत्र घर हाय, पण आतला प्रोसेसर साऱ्यायचा एकच. सारे एकाच वेळी कामाले लागले का मंग आपण उभे राह्यतो वाट पाहत."

बबनरावांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला जो ठरावांवर सही करताना कधी पडत नसे.

"म्हणजे वावरातली लाइटची डीपी," ते म्हणाले. "लाइट आली का साऱ्यायच्या मोटरी ऑटोवर एकदमच सुरू होतात, अन् कोनाच्याच विहिरीचं पाणी वर येत नाही."

"बरोबर. अन् आपण दोनदा त्याच डीपीवर मोठी मोटर लावली."

एवढं समजायला अध्यक्षांना दोन मोठे सर्व्हर लागले, पण समजलं. रंजिताने तोवर आपल्या हातातलं काम उरकून टाकलं. जिनिंगचे स्वतःचे अहवालही नऊलाच निघत. ते दुपारवर ढकलले. बटण दाबताच फक्त नंबर मिळावा, मेसेज वगैरे मागाहून सावकाश जावा, अशी सोय केली. शेजाऱ्याला बोलायच्या आधी तिने घरचा पसारा आवरला, याचं बबनरावांना फार कौतुक वाटलं. त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या भांडणात, हा क्रम नेहमी उलटा असे.

शनिवारी दोघं यवतमाळला ऋतिकच्या ऑफिसात गेले. मामाला पाहून ऋतिक वाकला, आणि कामाचं ऐकून सरळ झाला. गिऱ्हाइकांची माहिती दाखवता येत नाही, म्हणाला, प्रायव्हसी असते. बबनरावांनी त्याला पंगतींची यादी ऐकवायला सुरुवात केली, तर रंजितानेच त्यांना अडवलं.

"त्याचं खरं हाय काका. भाऊ, नावं नको दाखवू. निस्ते आकडे दाखव."

ऋतिकला आता कारण उरलं नाही. पडद्यावर आकडे आले. एकाच मशीनवर इतके हिस्से पाडले होते, की वाटणीला बसलेल्या भावांनीही लाजावं. त्यातले बरेचसे गरीब होते, आपापल्या कोपऱ्यात निजलेले. एक मात्र वर बसून नऊ वाजल्यापासून अर्ध्याहून जास्त मशीन एकटाच खात होता.

"हा कोन भस्म्या हाय?" बबनराव म्हणाले. "काट त्याची लाइन. सामायिक जागेत असं वागाची काही रीत हाय का नाही?"

ऋतिक छताच्या पंख्याकडे पाहू लागला. रंजिताने आकड्यांखालची कामं वाचली, ऋतिकचा चेहरा वाचला, आणि त्याला म्हणाली, भाऊ, चहा सांगून ये बरं. तो बाहेर पडल्यावर ती हळू आवाजात बोलली.

"व्हिडिओ तयार होऊन राह्यले तिथं. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक फोटो चिटकवणं चालू हाय. हात जोडलेला."

बबनरावांना तो फोटो माहीत होता. कळंबच्या फोटोग्राफरने काढला होता आणि त्यात त्यांचा उजवा गाल चांगला आला होता. वाढदिवसानिमित्त ऋतिकने मामांना भेट म्हणून शुभेच्छांचं पेज करून दिलं होतं. कार्यकर्त्याने व्हिडिओ पाठवायचा, मशीनने त्यावर साहेबांचा फोटो आणि तुतारी चढवायची. रोज नऊला चहासोबत ताजे व्हिडिओ दिसले पाहिजेत, हा आग्रह खुद्द साहेबांचा.

त्यांनी विचारलं, "हे दुपारी नाही होत काय?"

"होते. त्याले मर्यादाही घालता येते. पण सोमवारी वाढदिवस. किती लोकं व्हिडिओ टाकतील, अन् हे मशीन किती दम धरन, मले सांगता येत नाही. मी गॅरंटी देत नाही, काका."

बबनरावांच्या आसपासची सगळी माणसं गॅरंटी देत. रस्त्याची, मतांची, बियाण्याची. त्यांनी रंजिताकडे पाहिलं. ती उत्तराची वाट पाहत होती, आणि कुठलंही उत्तर आलं असतं तरी त्यातून जमेल तेवढं नीट करायला बसली असती. हेच त्यांना जड गेलं. ती भांडली असती तर त्यांना हट्ट करता आला असता.

चहा घेऊन ऋतिक आला.

"बंद कर," बबनराव म्हणाले.

"कोणाचं, मामा?"

"तुले माहीत हाय कोनाचं. अन् आमचा सर्व्हर हाय त्याहून लहान कर. रंजिता म्हणते, तेवढा लागत नाही."

परतीच्या वाटेवर रंजिता त्या पेजबद्दल एक शब्द बोलली नाही. पुढे संचालकांसमोरही तिने एवढंच सांगितलं, की एक शेजारी जास्त खात होता, त्याने ऐकून घेतलं.

सोमवारी मंडपात सत्काराची शाल वाट पाहत होती, आणि अध्यक्ष संगणकाच्या खोलीत रंजिताच्या मागे बसले होते. नऊ वाजले. तिने बोट ठेवलेला तो आकडा जागचा हलला, थोडा वर गेला, पुन्हा खाली आला आणि तिथेच पडून राहिला. टोकन निघत होते. बाहेर फाटकावर कुणी नाव पुकारत नव्हतं, तरी गाड्या एकामागून एक आत येत होत्या. हे दृश्य इतकं नवं होतं, की चौकीदार प्रत्येक गाडीला संशयाने पाहत होता.

मारोतराव आत आले. त्यांच्या साडूचा नंबर बराच मागे लागला होता.

"केवढा मोठा सर्व्हर घेतला, अध्यक्ष?"

"लहान घेतला," बबनराव म्हणाले. "कसा, ते तिले विचारा. मले अर्धंच समजलं."

मारोतराव तिला विचारायला सरसावले, आणि तिने त्यांनाही खुर्ची ओढून दिली. साडूचा विषय बाजूला पडला.

तेवढ्यात ऋतिकचा फोन आला. कार्यकर्ते विचारून राह्यले, पेज उघडत नाही. वणीचे लोक तर नाराज हायेत. आता टोकनचं काम होतच आलं असन, तर मामा, सुरू करू का?

बबनरावांनी मोबाइलवर हात धरून रंजिताला विचारलं. तिने एकदा आकड्याकडे आणि एकदा खिडकीबाहेर पाहिलं. म्हणाली, ज्यायचे नंबर राह्यले ते अजून बटण दाबून राह्यले. संध्याकाळी बिनधास्त करा.

बबनरावांनी हात काढला.

"पुढच्या वर्षी," ते म्हणाले, आणि फोन ठेवून पुन्हा तिच्या पडद्याकडे पाहू लागले.