हलकेनाथांचा काटा

"एकशे एकोणीस!" माइकवरचा माणूस ओरडला आणि पुलगावच्या त्या मंगल कार्यालयातली सगळी गर्दी एकदम "बाप्पा बाप्पा!" करून उठली. काट्यावर माझी धाकटी बहीण उभी होती, सपना. केसांतून हळदीचं पाणी गळत होतं, अंगाभोवती भगवी दुलई घट्ट गुंडाळलेली, डोळे मिटलेले. मी तिसऱ्या रांगेत हात चोळत बसले होते. पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतेय, आणि सख्खी बहीण हलकेनाथ महाराजांच्या काट्यावर! कपाळ माझं!

हे महाराज म्हणे हाताने ऑपरेशन करतात. सुरी नाही, टाका नाही, रक्ताचा थेंब तेवढा दिसतो आणि पोटातली चरबी बाहेर.

"दवाखान्यात काय करते?" महाराज माइक घेऊन सुरू झाले. "एक डॉक्टर पोट कापते. दुसरा आतडं वळवते. तिसरा पोटाले पट्टा बांधते, जसा बैलाले बांधा! आपल्याकडे तिन्ही प्रकार हाय. एकाच बैठकीत, फक्त पाच बोटात! अरे, ज्यानं शरीर बनवलं त्याले टाके माराले शिकवता का?"

लोक हसले, टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी सपनाची सासू कौशल्याबाई हात जोडून बसली होती. पलीकडे तिचा मुलगा गोपाल, म्हणजे सपनाचा नवरा. वडनेरचा कापसाचा व्यापारी.

वजन उतरवायचं खरं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं, दवाखान्यात. सपनाला शुगर आहे, रोज इन्सुलिन लागतं. गुडघे गेलेत, रात्री आडवी झाली की श्वास अडकतो. डॉक्टर रक्षांनी आम्हाला अर्धा तास बसवून समजावलं होतं. पोट म्हणजे पिशवी. एका प्रकारात, त्याला स्लीव्ह म्हणतात, पिशवीचा मोठा भाग कापून टाकतात, केळ्यासारखी नळी उरते. दुसरा बायपास. त्यात वरच्या बाजूला अंड्याएवढी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. पट्ट्याची रीत आता बहुतेक मागे पडली.

"मग चांगलं कोनतं?" गोपालनं भाव विचारावा तसं विचारलं होतं.

"ज्याचं त्याच्यावर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "स्लीव्ह त्यातल्या त्यात सुटसुटीत, पण छातीतली जळजळ वाढू शकते. बायपासनं शुगर सहसा जास्त उतरते, पण नंतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर, आणि त्यात हयगय चालत नाही. सपनाताईंना शुगरही आहे आणि जळजळही, म्हणून मी बायपास सुचवते. धोका दोन्हीत आहे, तोही ऐकून घ्या. आणि खाण्याची शिस्त कोणतंच ऑपरेशन लावून देत नाही."

इतकं सरळ बोलणं! पण घरी आल्यावर कौशल्याबाईंच्या डोक्यात राहिलं ते फक्त 'धोका' आणि 'जन्मभर गोळ्या'. महाराज तर म्हणत होते, धोका नाही, गोळी नाही. फक्त एक अट: नाव नोंदवल्यापासून वर्षभर अंगाला लोखंड लागता कामा नये. सुरी नाही, सुईसुद्धा नाही. लागलं तर चरबी दुप्पट होऊन परत. म्हणजे सोमवारचं ऑपरेशन गेलं आणि इन्सुलिनही गेलं. सपनानं तीन दिवसांपासून सुई बंद केली होती आणि हे मला त्याच सकाळी कळलं होतं.

"काऊन बंद केली गं?" मी तिला बाहेर मांडवातच गाठलं होतं. "जीव द्यायचाय का?"

"ताई, ओरडू नको." तिचे ओठ सुकलेले होते. "सारं घर मले खादाड म्हणते. हलकेनाथबाबानं नाई म्हटलं. बाबा म्हणाले, पोरी, दोष तुया नाई."

"डॉक्टरही तेच म्हणाल्या होत्या!"

"हो. पन त्याईनं धोका बी सांगतला ना."

खरं बोलण्याचाच राग येतो लोकांना.

इकडे स्टेजवर सपनाला काट्यावरून उतरवून पलंगावर झोपवलं. दोन सेविकांनी दुलई काढून कोपऱ्यात टाकली आणि पडदा धरून तिला कोरडं पातळ नेसवलं. महाराजांनी हळद माखलेल्या पोटावर हात फिरवला आणि बोटांखालून लालभडक धार निघाली. बायका किंचाळल्या. मग त्यांनी कापसाच्या बोळ्यानं पोट पुसल्यासारखं केलं आणि त्या बोळ्यातूनच एक पिवळट गोळा ओढून परातीत टाकला. थप्प!

"हळद आणि चुना!" मी उभी राहून ओरडले. "बोटाला चुना लावलाय त्यानं! कुंकू असंच लाल होतं! आणि चरबी त्या बोळ्यातच होती, बोकडाची!"

"मास्तरीणबाई, बसा ना खाली," कौशल्याबाईंनी माझा पदर ओढला. "तुमाले सारं पुस्तकातलंच दिसते."

तेवढ्यात सपना पुन्हा काट्यावर चढली. लाल आकडे थरथरले, थांबले.

"एकशे बारा! सात किलो गेले, माउली, सात किलो!"

गर्दी वेडी झाली. कोणी फुलं फेकली. कौशल्याबाई रडू लागल्या. आणि खोटं कशाला बोलू, मीही चक्रावले. हळद-चुना मला कळला होता, बोळा कळला होता. पण सात किलो?

"गोपालराव, काटा पाह्यला का तुम्ही?" मी विचारलं.

"ताई, मी काट्यावरच जगतो," गोपाल छाती फुगवून म्हणाला. "सकाळीच मी आन आमच्या बाजारातल्या बंडूजीनं वीस किलोचं प्रमाणित वजन ठेवून पाह्यलं. चार कोपऱ्यात, चारही वेळा बरोबर वीस! काटा एकदम खरा हाय."

"मग मागच्या आठवड्यात दवाखान्यात ती एकशे बाराच कशी भरली होती?"

"त्याईचा काटा खोटा असन."

घ्या! दवाखान्याचा काटा खोटा आणि महाराजांचा खरा. माझं डोकं सणकलं. मी तरातरा स्टेजवर गेले. निदान बहिणीला तिथून काढावं, तिची ओली साडी, ती दुलई उचलावी आणि चालू लागावं. मी वाकून दुलई उचलायला गेले आणि माझा खांदाच खाली ओढला गेला. कापसाच्या रुईची जाड दुलई, पाण्यानं टच्च भरलेली. एका हातानं उचलवेना.

आणि मग मला हसू आलं, अगदी संतापाचं हसू.

मी ती फरफटत खाली आणली आणि गोपालच्या मांडीवर टाकली. "जावईबापू, घाला हात."

कापसाच्या व्यापाऱ्याला हे सांगावं लागत नाही. गाडी आली की गोपाल आधी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, बोंड दाबतो आणि तिथल्या तिथे ओलीचे किलो कापतो. शेतकऱ्यानं कितीही शपथा घेतल्या तरी ऐकत नाही. आताही त्याचा हात आपसूक दुलईत गेला. त्यानं दाबलं, पाण्याची धार पायावर पडली.

"ओल हाय," तो सवयीनं म्हणाला. "कट लागन."

मग त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"पहिल्या तोलाला ती ह्यात होती," मी म्हणाले. "दुसऱ्या तोलाला कोरड्या पातळात. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. काटा तपासलात तुम्ही, माल नाही तपासला!"

गोपाल उठला. दुलई खांद्यावर टाकून स्टेजवर चढला आणि रिकाम्या काट्यावर आपटली. सहा किलो आठशे. उरलेलं ओल्या साडीत होतं.

"बेटा, यंत्राले अश्रद्धेची नजर लागली," महाराज म्हणाले.

"नजर नाई, पानी लागलं!" गोपाल गरजला. "ओला माल हाय हा, बाप्पा! सारा ओला माल हाय!"

पुढचा नंबर बंडूजींचा होता, तेही व्यापारी. त्यांनी आपल्या अंगावरची दुलई पिळून पाहिली आणि महाराजांच्या गादीवरच फेकली. त्यानंतर काय गोंधळ झाला ते सांगत नाही. पण सगळे उठून गेले असं समजू नका. निम्मे बसूनच होते. "दुलई असन ओली, पन बाबाच्या हातात काहीतरी हाय," एक बाई मलाच समजावत होती. अशा वेळी भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

परतताना गाडीत सपना हळूच म्हणाली, "ताई, म्हंजे मायं वजन तेवढंच हाय?"

"तेवढंच आहे."

ती रडली. मला वाटलं होतं, डोळे उघडले म्हणून बरं वाटेल तिला. पण तिचे सात किलो आम्ही परत तिच्या अंगावर टाकले होते. कौशल्याबाईंनी तिचा हात धरला आणि पहिल्यांदा म्हणाल्या, "मीबी तुले लय बोलली वं पोरी."

"सुई कुठं हाय?" सपनानं डोळे पुसत विचारलं. गोपालनं गाडी दवाखान्याकडे वळवली.

शुगर इतकी चढली होती की सोमवारचं ऑपरेशन रद्द झालं. आधी शुगर खाली, मग नवी तारीख. त्या तीन दिवसांनी तिचे किती आठवडे खाल्ले ते अजून कळायचंय. तोवर ती पुन्हा उशाला तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपतेय. आणि हलकेनाथांचा मांडव दुसऱ्या गावात पडलाय, असं ऐकते. दुलया नव्या शिवल्यात म्हणे.

तेव्हा हात जोडून नाही, चिडूनच सांगते. लठ्ठपणा हा रोग आहे, पाप नाही. त्याला उपचार आहेत; कोणता कोणाला लागू, ते डॉक्टरला विचारा, आणि जो धोकाही सांगतो त्याच्याकडे जा. ज्याच्याकडे धोकाच नाही, त्याच्याकडे उपचारही नसतो. आपण कापसाच्या ढिगात हात घातल्याशिवाय भाव करत नाही. मग पोटच्या पोरीचा, घरच्या सुनेचा जीव तोलायला ठेवताना हात बांधून का बसता? घाला हात, आणि दाबून बघा.