घरी वाहन आहे का?

"अहो, मला आज जरा जास्तच धाप लागतेय," खिडकीतून बायको म्हणाली, आणि गाडीखाली उताणे पडलेल्या पंपवाल्यांच्या हातातला पाना निसटून थेट कपाळावर बसला.

"झालंच गं! तासाभराचं काम. उशा पाठीला घेऊन बस, आडवी होऊ नकोस."

तासाभराचं काम! सकाळी सहापासून हेच चाललं होतं आणि आता साडेआठ वाजले होते. अकरा वाजता तिचं डायलिसिसचं मशीन होतं. शनिवारची पाळी चुकली होती, कारण चढाला लागल्यावर पिकअप नुसती घुरघुरत राहिली, पुढे म्हणून सरकेना. तेव्हापासून तिच्या पायांवर सूज होती, आणि कालची सगळी रात्र तिने बसून काढली होती. आजचीही पाळी चुकली तर काय होईल, ते डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. पंपवाल्यांनी तिला ते सांगितलं नव्हतं, पण तिला न कळायला ती काय कुक्कुलं बाळ होती?

पंपवाले म्हणजे पाणीपुरवठ्यातले पंप मेकॅनिक. तेहतीस वर्षं नोकरी केली आणि एकही पंप कधी बंद पडू दिला नाही. "मशीनला स्वच्छ तेल द्या, ते तुम्हाला दगा देणार नाही," हे वाक्य त्यांनी निवृत्तीच्या समारंभातसुद्धा तीनदा ऐकवलं होतं. त्याच तोऱ्यात त्यांनी पेशंटला न्यायला येणारी दवाखान्याची गाडी बंद करवली. फॉर्म भरताना खिडकीतल्या कारकुनाने विचारलं होतं, "घरी वाहन आहे का?"

"आहे की! चोवीस वर्षांची झालीय, पण एक नंबर!" पंपवाले म्हणाले होते, आणि बायकोने मागून हळूच चिमटा काढला होता.

ऑटोमॅटिक गिअरची गाडी. तिच्यात सगळा कारभार गिअरबॉक्समधल्या तेलाच्या जोरावर चालतो, आणि ते तेल चोवीस वर्षांत कोणी बदललं नव्हतं; ते बदलावं लागतच नाही, असं विकणाऱ्याने पंपवाल्यांना सांगितलं होतं. कोपऱ्यावरच्या गिअरवाल्याला शनिवारी फोन केला तेव्हा तो म्हणाला होता, "काका, तेलाला हात लावू नका. गाडी माझ्याकडे टाका, आठवडाभरात बघतो." आठवडाभर! याला नुसतं गिऱ्हाईक हवंय, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला होता.

काम मात्र देखणं केलं. गिअरबॉक्सच्या खालची परात एका कोपऱ्यातून आधी सैल केली, म्हणजे तेल अंगावर न येता टबात पडावं. काळंकुट्ट तेल निघालं, करपलेला वास मारत. परातीतल्या चुंबकावर करड्या चिखलाचा थर होता, तो पुसला. नवा फिल्टर, नवं गॅस्केट बसवलं. जुनं तेल बाटल्यांत मोजलं आणि तेवढंच लालभडक नवं तेल लांब नरसाळ्याने वरून भरलं. इंजिन चालू केलं, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या खाचांतून फिरवला, तेल मोजायची काडी काढून पातळी बघितली. बरोबर खुणेवर.

मग त्यांनी लिव्हर पुढच्या गिअरला टाकला, आणि काहीच झालं नाही. ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडलं, गाडी जागची हलेना. त्यांनी गिअरवाल्याला फोन लावला.

"तेल बदललंत?" गिअरवाला फोनवर जवळजवळ किंचाळला. "अहो काका, आतल्या क्लचप्लेटा कधीच झिजल्या होत्या! त्यांचाच भुसा तेलात होता, त्या घाणीनं जेमतेम पकड धरली होती. तुम्ही पकडच काढून टाकलीत!"

"मग जुनं परत ओतू?"

"ओतून बघा. माझी काही खात्री नाही."

पंपवाल्यांनी दवाखान्यात फोन लावला. गाडीच्या यादीत नाव नव्हतं, नव्याने चढवायला दोन दिवस. ॲम्ब्युलन्सला दोन तास. शेजारचे सगळे कामावर गेलेले, आणि रिक्षा तर त्या बाजूला फिरकतच नसत. "देवा, एवढ्या वेळी तरी," असं ते मोठ्याने म्हणाले, आणि पुन्हा गाडीखाली शिरले.

उभ्या आयुष्यात त्यांनी कुठल्या मशीनमध्ये घाण तेल ओतलं नव्हतं. आता नवं लाल तेल खाली सोडून दिलं, स्वतःचा बनियन फाडून त्यातून ते काळं तेल गाळलं आणि नरसाळ्यात ओतलं. ओतताना ते रडत होते, आणि डोळे पुसायला एक बोट स्वच्छ नव्हतं.

सव्वादहा. पुढचा गिअर टाकला. गाडी एकदा शहारली आणि थांबली. वैतागून त्यांनी लिव्हर रिव्हर्सला टाकला, तर गाडी झपकन मागे गेली आणि कुंडी फुटली.

"उलटी चालते!" ते ओरडले. "अगं, उलटी चालते! चल!"

"तुम्हाला वेड लागलंय," बायको म्हणाली, पण तोवर तिने चपला घातल्या होत्या.

तीन किलोमीटर. मागचे दिवे लुकलुकत ठेवून, एक हात तिच्या सीटमागे टाकून, मान पिळून ते मागच्या काचेतून रस्ता बघत होते. लोक हॉर्न वाजवत होते. एक टेम्पोवाला ओरडला, "ओ आजोबा, तोंड कुठं, चाललाय कुठं!" बायकोला मात्र समोर आपलं घर दिसत होतं, लहान लहान होत जाणारं. वळणापर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.

"किती वर्षांनी असा हात टाकलात हो माझ्यामागे," ती धापांच्या मधे म्हणाली.

"बोलू नकोस. श्वास घे."

चढ आला. गाडी रडतकढत चढली. फाटकातून आत गेली तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. सिस्टरने घड्याळाकडे बघितलं, मग बायकोच्या चेहऱ्याकडे. "मावशी, चला पटकन. काका, तुम्ही कशालाही हात लावू नका." पडदा ओढला गेला. थोड्या वेळाने मशीनचा आवाज सुरू झाला, एकसारखा, न अडखळता. पंपवाले पडद्याबाहेर उभे राहून तो ऐकत होते. तेल कोण बघतं याचं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

मग ते खाली खिडकीपाशी गेले.

"दवाखान्याच्या गाडीसाठी नाव घालायचंय. परत."

कारकुनाने फॉर्म पुढे ओढला, मान खाली घालून विचारू लागला. पेशंटचं नाव. पत्ता. आठवड्यातून किती वेळा.

"घरी वाहन आहे का?"

पंपवाल्यांनी दारातून बाहेर बघितलं. पिकअप फाटकाशी वाकडी उभी होती आणि तिच्याखाली काळा डाग पसरत चालला होता.

"नाही," ते म्हणाले.

कारकुनाने सहीसाठी फॉर्म फिरवला. सहीशेजारी त्यांचा अंगठा काळा उमटला, तो त्यांनी बाहीने पुसायला घेतला.

"राहू दे काका," कारकून म्हणाला. "चालतं."

ते तरी पुसत राहिले.