लिंबाखालचा दूधभात

आईला ताईची जागा सापडली नाही.

असं काही अजून घडलेलं नाही. आम्ही उस्मानपुऱ्यातून रविवारचं मस्त जेवायला निघालोय, गाडीत एसी चालू आहे आणि अण्णा खुशीत आहेत.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. मी सव्वीसचा, ती चार महिन्यांची. तरी मोठी ती मोठीच. माझ्या आधी जन्मली आणि तापात गेली. आमच्यात तान्ह्या लेकरांना जाळत नाहीत, पुरतात. अण्णांनी तिला वेरूळ रस्त्यावरच्या आमच्या रानात, बांधावरच्या कडुलिंबाखाली ठेवलं. वर खुणेचा दगडसुद्धा नाही. लिंब होताच की.

पुढं अण्णा शेंद्र्याला कंपनीत लागले आणि ते रान काकासाहेब नावाच्या ओळखीच्या माणसानं गार्डन रेस्टॉरंटसाठी घेतलं. अण्णांनी एकच अट घातली, लिंब तोडायचा नाही. का, ते सांगितलं नाही. हॉटेलवाल्याला असलं कोण सांगतं? काकासाहेबांनी शब्द दिला. तरी आई इतकी वर्षं तिकडं फिरकली नाही. या रविवारी मात्र म्हणाली, "चला, लेकीकडं जेवू."

गेटवर फायबरचा जिराफ होता. आत विजेवर पडणारा धबधबा. लाइट गेली की निसर्ग थांबतो. आणि गेटच्या आतच लिंब, अंगभर दिव्यांच्या माळा गुंडाळून, नवरदेवासारखा.

आईनं बुंध्याला हात लावला आणि त्याच्याखालचंच टेबल धरलं. अण्णांनी शेवभाजी, मटण, बाजरीची भाकरी सांगितली. आईनं दूधभात सांगितला.

"अम्मा, दहीभात है," वेटर शफी म्हणाला. "दूधभात नहीं रहता."

"चहाला दूध आसंल ना, बाबा? अन् साधा भात?"

"चार महिन्यांच्या पोरीला भात?" अण्णा हळूच बोलले.

"इतक्या वर्षांत दात आले नसतील व्हय?"

अण्णांनी शफीला खूण केली, आण.

दूधभात आला. आईनं एक घास बुंध्याशी ठेवला आणि शेजारची माती थोपटली, लेकरू निजवताना थोपटतात तशी. मग जेवायला बसली. "शेवभाजी जमलीय," म्हणाली आणि दुसरी भाकरी मागितली. आईनं दुसरी भाकरी मागितलेली मी पहिल्यांदाच बघत होतो.

तेवढ्यात काकासाहेब आले.

"बघा वहिनी, शब्द पाळला का नाय? लिंब पार्किंगच्या आड येत व्हता. दुसऱ्या कुणी तोडला असता. म्या क्रेन आणून मुळासकट उचलला अन् हितं आणून लावला. मस जगला बघा!"

आईचा घास हातातच राहिला.

"कुठून उचलला?"

काकासाहेबांनी हात फिरवला. त्यात पार्किंग, झोपाळे, धबधबा, सगळंच आलं. "तिकडूनच कुठून तरी. आता समदं सपाट केलंय ना." आणि ते खुशीत दुसऱ्या टेबलाकडं गेले.

अण्णा म्हणाले, "मातीसकट आणलाय ना, मंग तीबी आली आसंल."

"अन् आली नसली तर? झाड आणलं अन् तिला तिथंच ठिवलं?"

आई दूधभाताची वाटी घेऊन उठली. अण्णा मागं धावले. लिंब विहिरीपासून उगवतीला होता, म्हणाले. विहीर कुठं होती, तर धबधब्याच्या जागी. मग धबधब्यापासून ते मोजत झोपाळ्यापर्यंत गेले आणि आई म्हणाली, नाय, एवढं लांब नव्हतं. झोपाळ्यावर एक जाडजूड गृहस्थ झोके घेत होते. अण्णा त्यांना उठा म्हणाले नाहीत, फक्त त्यांच्या बुटांखाली बघत राहिले.

शेवटी आई हिरवळीवर चालत सुटली, दर दोन पावलांवर चिमूटभर भात ठेवत.

"अम्मा, लॉन पे नक्को डालो," शफी धावला. "चिंट्या होते."

"होऊ दे, बाबा. मुंग्यांना ठावं आसंल."

वाटी रिकामी झाली. पार्किंग अजून राहिलं होतं.

तरी समस्त ग्राहक व व्यवस्थापन यांस नम्र विनंती करण्यात येते की, आवारात लहान मूल झोपलेले असल्याने कोणीही जोराने पाऊल टाकू नये, हॉर्न वाजवू नये, झोपाळे सावकाश थांबवावेत. आणि मूल नेमके कोठे आहे हे निश्चित नसल्याने, सदर विनंती संपूर्ण आवारास कायमस्वरूपी लागू समजण्यात यावी.