कढीपत्त्यावरच्या अळ्या

"आमच्या शाळेचा परिसर हे फुलपाखरांचे माहेरघर आहे."

सुंदर शाळा स्पर्धेच्या तपासणी समितीला द्यावयाच्या अहवालातले हे पहिले वाक्य. नागरिकहो, ते जरा तपासून पाहू. लेक बाळंतपणाला येते ते माहेर. नुसता चहा पिऊन जायचे घर कितीही सजवलेले असले, तरी त्याला कोणी माहेर म्हणत नाही. तासगावकडच्या त्या शाळेत रंगवलेल्या टायरांमध्ये फुलझाडे होती, म्हणजे चहाची सोय चोख होती. बाळंतपणासाठी मात्र साऱ्या आवारात एकच झाड होते, स्वयंपाकखोलीमागचा कढीपत्ता. समिती येण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याच झाडावर विष फवारण्यात आले.

विषाला आपण 'औषध' म्हणतो. भाषेची एवढी स्वच्छता राखणाऱ्या समाजाला अळीची घाण वाटावी, यात नवल ते काय!

सकाळी विज्ञानाच्या शिक्षिका अल्फिया मुलाणी त्या झाडाखाली थबकल्या. पाचवीची मुले रोज मधल्या सुट्टीत ज्या अळ्या पाहायला धावत, त्या वेटोळी होऊन मातीत पडल्या होत्या.

"बाळासो, हे काय केलंत?"

शिपाई बाळासो खराटा टेकून उभा राहिला. "सरांनी सांगितलं, बाई. आमच्या द्राक्षबागंतलं औषध उरलं हुतं, ते मारलं पंपानं."

मुख्याध्यापक राजवर्धन मोहिते कार्यालयात पाहुण्यांचे फेटे नीट मांडून घेत होते.

"सर, कढीपत्त्यावर फवारणी कशासाठी?"

"पानापानावर पाखरं शिटल्यागत झालं हुतं, मॅडम. पाव्हणं काय म्हणतील?"

"ती शीट नव्हती. अळ्या होत्या. लहानपणी तशाच दिसतात."

विष्ठा समजून पक्ष्याने सोडून द्यावे, म्हणून त्या अळीने लक्षावधी वर्षांत कमावलेले ते सोंग. पक्षी फसत आले. मुख्याध्यापकही फसल्याचे सांगत होते. फरक एवढाच, की घाण दिसली म्हणून पक्षी पंप मागवत नाही.

"एवढी फुलं लावल्यात की. तिकडं जाऊन खाऊ द्या."

"अळी मध पीत नाही, सर. ती पानं खाते, आणि हिला कुठलंही पान चालत नाही. मादी पायानं पान चाखते, ओळख पटली तरच अंडं घालते. लिंबू, बेल, कढीपत्ता, असलीच झाडं. जास्वंदीवर ठेवलीत तर उपाशी मरेल, पण तोंड लावणार नाही. फुलांवर फुलपाखरू पाहुणं असतं. वंश चालतो तो या पानावर."

"वंश!" सर हसले. "तुमी अळीचा वंश काढून बसा. तिकडं समितीची गाडी येशीपाशी आली!"

तेवढ्यात स्वयंपाक करणाऱ्या मंगलताई वाटी घेऊन दारात आल्या. "सर, खिचडी झाली. चव घ्या, म्हंजे पोरांना वाढते."

अल्फियाबाईंनी वाटीत डोकावून पाहिले. "मंगलताई, फोडणीला कढीपत्ता कुठला घातलात?"

"कुठला म्हंजे? मागच्या झाडाचा. रोजचाच की."

बाहेर मुले ताटे घेऊन रांगेत बसली होती. पहिल्या रांगेत मंगलताईंची स्वप्नाली होती.

"पानं धुतली असशील की," सर म्हणाले.

"धुतली. का वं?"

"मग काय हुतंय? वाढ. समितीला पोरं जेवताना दिसली पायजेत."

"आधी तुम्ही, सर," अल्फियाबाई शांतपणे म्हणाल्या. "नियम आहे."

मुलांआधी शाळेतल्या मोठ्या माणसाने अन्न चाखावे, हा नियम ज्याने केला त्याला मोठी माणसे नीट ठाऊक असावीत. सरांनी चमचा भरला. वरच कढीपत्त्याचे पान होते. चमचा ओठांपाशी गेला आणि थांबला.

"मला जरा पित्त झालंय."

"काल तर दोन वाट्या चापल्या!" मंगलताई बोलून गेल्या. मग त्यांना उमगले. "आवं, तुमच्या तोंडाला नको ते माझ्या पोरीच्या ताटात वाढू व्हय?"

त्यांनी स्वयंपाकखोलीत जाऊन पातेल्यावर झाकण आदळले आणि त्या चुलीपुढे पाय रोवून उभ्या राहिल्या. सरही मागोमाग दारात आले.

नागरिकहो, अळी त्या एका पानावर विसंबते, तिला पर्याय नसतो. ताट पुढे धरून बसलेल्या पोरालाही नसतो. ज्याला पर्याय आहे त्याने विसंबलेल्यांच्या पानाला जपावे. एवढेही ज्याला जमत नाही, त्याने पंखांचे कौतुक करू नये.

समिती आत आली. अध्यक्षा राजेश्वरीताईंनी रांगेकडे पाहिले. "पोरं कवाची बसल्यात. वाढत का नाही?"

जळण संपले, असे सांगता आले असते. ते खपलेही असते. पण मंगलताई चुलीपुढून हलल्या नव्हत्या, आणि त्यांची नजरही सरांवरून हलली नव्हती. सरांनी बाळासोला पातेले लांब नेऊन खड्ड्यात पुरायला सांगितले, मंगलताईंना नवा भात टाकायला सांगितला आणि समितीकडे वळून ते बोलले. त्यांचे शब्द जसेच्या तसे असे:

"इष मारायला मी सांगितलं. ती शीट न्हवती, अळी हुती, हे मला ठाऊक हुतं. सातवीला तो धडा मीच शिकवतो. पोरांच्या खिचडीत तीच पानं पडत्यात, हेबी ठाऊक हुतं. तरी वाढ म्हणालो. चमचा तोंडापाशी आला तवा मला माझा जीव आठवला. पोरांचा न्हाई आठवला, आन् अळीचा तर न्हाईच."